कराची ते लंडन, पाणी दोन बोटं

आमच्या थोरल्या काकांइतका जगप्रवास अख्ख्या निजामाच्या राज्यात कुणी केला नसेल, आणि तोही राणीसावरगावच्या ओसरीवरून न उठता. शाळेतून 'दोन दिवसांसाठी' मागून आणलेला जगाचा नकाशा त्यांनी भिंतीला ठोकला तो ठोकलाच. जानव्याच्या सुताचा तुकडा घेऊन ते दिवसभर एका शहराला दुसरं जोडत बसायचे. विमानाला वळणं नसतात, मग माणसानं तरी का वळावं, असा त्यांचा सवाल असे. एकदा पालमच्या बाजाराला निघाले तर गाडीवाट सोडून त्यांनी बैल सरळ शेतातून हाकले. गाडी ओढ्यात रुतली, बाजार बुडाला. काकूंनी विचारलं तेव्हा ओढाच चुकीच्या जागी असल्याचं त्यांनी सांगितलं.

या वेडाला धार आली ती त्यांचा मुलगा शिकायला लंडनला गेला तेव्हा. समुद्र ओलांडला म्हणजे धर्म बुडाला. पंचगव्य घेऊन प्रायश्चित्त करा, नाहीतर पंगत बंद, असा गावच्या गुरुजींनी फैसला दिला. कराचीहून विमान मिळतं का बघतो, एवढंच मुलगा जाताना म्हणाला होता. काकांनी ते विमान उडवूनच टाकलं. गुरुजींना नकाशापुढं उभं करून त्यांनी कराचीपासून लंडनपर्यंत सूत ताणलं. इराण कोरडा, तुर्कस्तान कोरडं, वाटेत जरासा काळा समुद्र आणि शेवटी इंग्लंडच्या दारातली खाडी. सगळं मिळून पाणी दोन बोटं, तेही खाली, पोरगं वर.

"परभणीला जाताना गोदागंगा ओलांडता का न्हाई तुमी? मग अगोदर तुमी घ्या पंचगव्य."

गुरुजी तसे गरीब स्वभावाचे. समुद्र दोन बोटं आहे तर पंचगव्यही दोनच थेंब घ्या, असं म्हणून त्यांनी मिटवून पाहिलं. काका अर्ध्या थेंबालाही तयार नव्हते. वर्षं गेली. काकूंना हळदीकुंकवाचं बोलावणं येईना. शेजारी लग्न असलं की त्या आतल्या खोलीत डाळ निवडत बसत, आणि त्या दिवशी काका ओसरीवर जास्तच मोठ्यानं अंतरं मोजत. पोरगं येऊ द्या, त्याच्याच तोंडून गावाला ऐकवतो, असं ते काकूंना सांगत. काकू त्याच आशेवर होत्या.

मुलगा आला. आधी पोराचं ऐका, पटलं तर जेवा, असं सांगून काकांनी गाव जेवायला बोलावलं, गुरुजींना मानाचा पाट मांडला आणि भरल्या ओसरीत मुलाला विचारलं, विमानातून समुद्र कसा दिसतो? मुलाला मागचं काहीच ठाऊक नव्हतं. तो हसत म्हणाला, विमान कुठलं, बोटीनंच गेलो आणि बोटीनंच आलो. जाताना तर उलट्यांनी जीव नकोसा झाला.

आता दोन थेंब घेऊन टाका, असं गुरुजी हळूच म्हणाले, आणि अगदी मायेनं म्हणाले. काका उठून उभे राहिले.

"गेला पाण्यानं. मी घेत न्हाई, अन् त्यालाही घेऊ देत न्हाई. ज्याला जेवायचं त्यानं बसावं."

माणसं एकेक करून चपला घालून निघून गेली. गुरुजीही गेले. मला वाटलं, काकू आता रडतील. त्यांनी पदर खोचला, मुलाला मानाच्या पाटावर बसवलं आणि वाढायला सुरुवात केली.

काका त्याच्यासमोर बसून नुसते बघत होते. उलट्या किती दिवस झाल्या, हे त्यांनी त्याला दोनदा विचारलं. जवळ कोण होतं, तेही विचारलं. कुणीच नव्हतं म्हणाला. मग काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"लय लांब गेलतास रे बाबा."