डोक्यावरून पडणारा चहा

त्याचं नाव मला माहीत नाही, पण त्याने माझ्या आईला दुबईत ठेवून घेतलं.

आई आली आणि आठवड्यातच "मला घरी धाड" म्हणून मागे लागली. दुबई मरीना भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये तिला बोलायला माणूस नव्हतं. म्हणून एका संध्याकाळी तिला हिवाळी जत्रेतल्या मोरोक्कोच्या बाजारात नेलं. रंगीत कंदील, चामडी चपला, केशराचा वास आणि खांद्याला खांदा लागेल अशी गर्दी!

तिथे तो चहा विकत होता. गोंड्याची लाल टोपी, सुटलेलं पोट, पण पाय सारखे नाचते. किटली डोक्याच्याही वर न्यायचा, डोळे मिटायचा आणि इवल्या पेल्यात पुदिन्याच्या चहाची धार सोडायचा. फेस आला की "या सलाम!" ओरडून स्वतःच स्वतःला दाद द्यायचा.

आईने पदर खोचला. "आण इकडे," म्हणत किटली घेतलीसुद्धा! बार्शीच्या एस्टी स्टँडवर चहा विकूनच तिने मला, घरातल्या पहिल्या ग्रॅज्युएटला, शिकवलंय. हे मी ऑफिसातही छातीठोक सांगतो. तिची धार त्याच्याहून उंच गेली. लोकांनी टाळ्या पिटल्या.

त्याने आपली टोपी आईच्या डोक्यावर ठेवली आणि मला म्हणाला, "हबीबी, तुम जाओ. मम्मा इधर रहेगा."

आई टोपीसकट खदखदून हसली.

"मम्मा, कल?" निघताना त्याने विचारलं.

"येते की," ती मराठीतच म्हणाली, "पण आलं मी आणणार. नुसत्या पुदिन्याला काय चव!"