टँकरची नक्कल

आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगतो. पुढं ज्या धंद्यावर माझं पोट चाललं, त्याला ती पदवी लागली नाही ही गोष्ट वेगळी. एकट्यानं माईकसमोर उभं राहून लोकांना हसवायचं, याला आता स्टँड-अप म्हणतात. आमच्याकडं तेव्हा 'नकला' म्हणायचे. नांदेडच्या कॉलेजात गॅदरिंगला मी प्राचार्यांची, एसटी कंडक्टरची नक्कल करायचो. नंतर जयंतीच्या दिवसांत लोहा, किनवट, जिथून बोलावणं येईल तिथं जायचो. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात मला उभं करायचे.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि पाऊस नव्हता. थोरली बहीण, अक्का, अहमदपूरकडच्या एका गावात दिलेली. त्या गावाला टँकर यायचा. आधी गावात रिकामा व्हायचा, उरलेलं पाणी घेऊन बौद्ध वस्तीत यायचा. सरपंचाचा चुलतभाऊ पाईप धरायचा. सगळे त्याला पाटील म्हणायचे. कुणी बाई मोठ्यानं बोलली की तो पाईपाच्या तोंडावर अंगठा ठेवून आभाळाकडं बघत बसायचा. तक्रार करायला गेलं तर जुना जिल्हा म्हणे लातूरला जा, लातूर म्हणे अजून कागद आले नाहीत.

हे सगळं मला अक्कानंच सांगितलं. माहेरी आली होती, भाकरी थापता थापता तिनं पाटलाचा अंगठा करून दाखवला. मी पोट धरून हसलो आणि ते उचललं. लोह्याच्या जयंतीत केलं. "उस्मानाबादनं सोडलं, लातूरनं धरलं न्हाई, मधल्या मधी आमी लोंबकळून राहिलो," म्हटलं की टाळ्या. पाटलाला मी पाहिलंही नव्हतं.

ते ऐकून अक्काच्याच वस्तीतल्या पोरांनी मला त्यांच्या जयंतीला बोलावलं. मी दुपारी पोचलो तर अक्का दारातच थांबलेली. पाणी दिलं नाही, आधी बोलली.

"भाऊ, टँकरचं करू नको."

"का? पोरांनी त्याच्यासाठीच बोलावलंय."

"पोरांचं काय जातंय. पाटलाला कळंल, मीच सांगितलंय. तू उद्या नांदेडला. घागर घेऊन हुबं मला ऱ्हायचंय."

करत नाही म्हणालो. मनापासून म्हणालो.

संध्याकाळी मंडपात गेलो. जयंतीचे भोंगे नेहमीसारखे गावाकडं तोंड करून बांधले होते. पहिल्या रांगेत खुर्चीवर, गळ्यात हार घातलेला एक धिप्पाड माणूस बसला होता. गावातले पाहुणे म्हणून त्याला बोलावलेलं. तोच पाटील, हे दाजींनी माझ्या कानात सांगितलं.

प्राचार्य केले, कंडक्टर केला. मागून पोरं ओरडायला लागली, "टँकर, टँकर." मी ऐकू न आल्यासारखं केलं. तेव्हा पाटीलच म्हणाला, "करा की पाव्हणं. आमाला बी बघू द्या."

केलं नाही तर वस्ती पाटलाला भ्याली असं होणार, केलं तर अक्का अडकणार. मी अर्धवट केलं. अंगठा दाखवला, जिल्ह्याचं बोललो, बाकी गिळलं. लोक आधी पाटलाकडं बघायचे, मग हसायचे. पाटील हसला नाही, चिडलाही नाही. उठताना एवढंच म्हणाला, "बेस जमलं. उद्या टँकर हाय."

दुसऱ्या दिवशी मी निघालो नाही. अक्का माझ्याशी बोलत नव्हती. सकाळपासून बायका घागरी मांडून बसल्या होत्या. ऊन डोक्यावर आलं, कलायला लागलं, तेव्हा कुठं टँकर आला. पाटील खाली उतरला, पाईप हातात घेतला आणि मला बोटानं बोलावलं.

"पाव्हणं, काल अर्धंच केलं. आज पुरं करा. तुमचं तोंड चालू, तवर पाणी चालू."

मी दाजींकडं पाहिलं, ते खाली बघत होते. पाटलानं पाईपाच्या तोंडावरचा अंगठा काढला. पहिल्या घागरीत धार पडली आणि मी सुरू झालो.

आजवर एवढे प्रयोग केले, इतका घाम कधी गाळला नाही. कुणी हसत नव्हतं. हसायला वेळ कुणाला होता? घागर भरली की दुसरी खाली सरकायची. टँकरचं संपलं. कंडक्टर केला, प्राचार्य केले, परत कंडक्टर केला. नकला संपल्या आणि रांग शिल्लक होती. मी जरा थांबलो तर अंगठा लगेच पाईपाकडं गेला.

मग जे तोंडात आलं ते बोललो. माझंच सांगायला लागलो. बी.ए. झालो तर बापानं आळीभर गूळ वाटला, तेव्हापासून गूळवाला रोज विचारतो, साहेब, कोणत्या हापिसात? नोकरीचा अर्ज तुमच्या जुन्या जिल्ह्याला टाकला, तेवढ्यात जिल्हाच फुटला. आता अर्ज एका जिल्ह्यात अन् नोकरी दुसऱ्याच. एक म्हातारी फसकन हसली. मग दुसरी. पाटीलही हसला, त्याच्या हातात पाईप तसाच होता. मी मात्र घागरी बघत होतो. अक्का मुद्दाम सगळ्यात मागं थांबली होती. तिची भरली तेव्हा धार करंगळीएवढी झाली होती.

पाटलानं पाईप गुंडाळला. "उद्या कोण बोलंल मग?" म्हणाला आणि टँकरवर चढला.

अक्कानं घागर डोक्यावर घेतली. "भाऊ, एसटी हाय आत्ता. जा."

"अन् उद्या?"

"उद्याचं मी बघते. तू हितं हायस तवर त्याच्या ध्यानात ऱ्हातंय."

नांदेडला आलो, पण जीव लागेना. नवी नक्कल सुचेना. अहमदपूरची गाडी यायच्या वेळेला स्टँडवर जाऊन उभा राहायचो. एका दुपारी त्या गावचा एक म्हातारा पिशवी घेऊन उतरला. त्याला गाठलं.

"काका, टँकर येतोय का गावात?"

"येतोय की. परवा आल्ता."

"वस्तीत गेला का?"

"ते न्हाई बा ठाव. आमी गावातले."

गाडी परत फिरायला लागली होती. मी दाराला लोंबकळून चढलो.