टिटवीच्या चार अंड्यांपायी

लटारू माझा सख्खा लहान भाऊ. त्याले बोट धरून जंगल मी दाखवलं, हे आधीच सांगून ठेवतो. दहा गावांत त्याच्यासारखा गाईड नाई, अन् हे मी भाऊ म्हणून नाई, खरं म्हणून सांगून राह्यलो.

बारा वर्षं तो सफारीच्या गेटवर होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत शहरातले लोक लेकरं घेऊन येत. मोठ्यांइले वाघ पाह्यजे. लटारूचा जीव लेकरांत. अस्वलानं नखं मारलेलं झाड दाखवे, चितळ कोणाले पाहून ओरडलं थे सांगे.

गेल्या मे महिन्यात पुण्याचे एक साहेब आले. संगं बायको अन् नऊ वर्षांची पोरगी उर्वशी. तिसरी सफारी, तरी वाघ नाई. साहेब तापलेले. फाट्यावर दुसऱ्या जिप्सीवाल्यानं सांगतलं, तळ्यावर वाघीण बसली हाये. ड्रायव्हर विक्कीनं गाडी दामटली.

"थांब बे!" लटारू वरडला.

चाकोरीतच टिटवीचे चार अंडे. टिटवी अंगावर येऊन कोकलून राह्यली होती. रस्ता अरुंद, अन् रस्ता सोडून गाडी घालता येत नाई.

"अहो, चार अंड्यांसाठी वाघ सोडायचा?" साहेब म्हणाले.

"साहेब, तिच्या घरावरून कसं जाचं?"

"वाघीण काय आपली वाट पाहत बसून राह्यते का, लटारूभाऊ?" विक्की कुरकुरला.

आमच्या धानाच्या बांदीत नांगरताना टिटवीचे अंडे दिसले, का बाबा तेवढा तुकडा सोडून देत अन् तिथी पळसाची डगाल, पानांची फांदी, रोवत. डगाल दिसली, का तिकडं कोणी पाय टाकत नाई. लटारूच्या हाडात थेच मुरलेलं. मांगून चार गाड्या येऊन राह्यल्या होत्या. जिप्सीतून खाली उतराचं नाई, हा नियम नव्या पोराइले तोच शिकवे. पण त्या वक्ती त्याले नियम आठवलाच नाई. उतरला, डगाल मोडली, अंड्यांपुढं रोवली.

विक्कीनं गाडी मांगं घेतली. दुसऱ्या रस्त्यानं तळ्यावर गेले, तं वाघीण उठून गेलेली.

"काका, मी तुमचा व्हिडिओ काढलाय," उर्वशी कॅमेरा दाखवत म्हणाली. "वर्गात सगळ्यांना दाखवणार!"

लटारूनं घरी येऊन हेच सांगतलं, लाजत लाजत. म्या म्हटलं, "पाय, पुण्यात बी आपल्या घरचं नाव निंगालं!"

तोच व्हिडिओ साहेबानं त्याच संध्याकाळी गेटच्या हापिसात नेऊन दाखवलं होतं. आम्हाले काय मालूम!

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचले लटारू गेटवर गेला. गाईडच्या पाळीत त्याचा नंबर सोडून पुढचा पुकारला.

"उतरला होता का?" हापिसातल्या बाबूनं इचारलं.

"हो जी." खोटं बोलाचं आमच्या घराण्यात नाई.

"मंग वर्दीचा शर्ट काढून ठेव."

त्यानं तिथीच बटनं सोडले. गेटवर जिप्सी लागल्या होत्या. एकीतून उर्वशीनं हाक मारली, "काका, आज तुम्ही नाही येत?"

साहेब दुसरीकडं पाहू लागले. लटारूनं पोरीले हात हलवला, अन् बनियनवरच गावाची वाट धरली.