नाल्याची माती

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. लेकींपाशी नाही, देवापाशीसुद्धा नाही — त्याला तर ठाऊकच असेल. तुम्हाला का सांगते? ते मलाही नीटसं कळत नाही.

एकोणीसशे छप्पन्न साल उलटलं, त्यानंतरच्या एका आषाढातली गोष्ट. घाटंजीच्या बाजाराला बैलगाडीनं जावं लागे, असं आमचं गाव, जंगलाला पाठ लावून बसलेलं. त्या साली गावानं ठरवलं, की जंगल आणि त्याला लागून असलेली वावरं गावाच्या नावानं बांधून टाकायची. ज्याचं त्यानं पेरावं, खावं. पण विकायचं नाही, झाड तोडायचं नाही — आपण नाही आणि नातवांनीही नाही. कागदावर कुणाचा भरवसा नव्हता. म्हणून प्रत्येकानं आपल्या वावराची ओंजळभर माती आणायची, सगळ्यांची एकत्र करायची आणि त्यात मोहाचं रोप लावायचं. काय दिवस होता तो! बायका पदरात माती घेऊन निघालेल्या, जणू ओटीच भरलीय. आजही ओल्या मातीचा वास आला की मी तिथंच जाऊन उभी राहते.

आमचे हे त्या कामात सगळ्यांच्या पुढे. खड्डा खणता खणता मला म्हणाले, आपल्या वावराची माती तू आण. वावर माझ्या बापानं आंदण दिलेलं. आणि मी — मी नाल्याच्या काठची माती उचलली. वावर समोर दिसत होतं. मनात म्हटलं, आपली माती त्यात नाही, तर आपलं वावरही बांधलेलं नाही. केवढी हुशारी!

पुढच्या उन्हाळ्यात रोप वाळलं. उन्हानं वाळलं असेल, शेळीनं खाल्लं असेल. पण गाव म्हणालं, कुणाची तरी माती खोटी. नाव सापडायला कितीसा वेळ लागतो? रहीमभाई बैलगाड्या बनवायचा. चाकाला लाकूड आता कुठून आणू, असं सभेत तो एकटाच बोलला होता. ह्यांचा जिवाभावाचा दोस्त. पोळ्याला आमची पुरणपोळी त्याच्याकडे, ईदेला त्याची शेवई आमच्याकडे, हे ठरलेलं. कुणी भांडलं नाही. नुसतं त्याच्याकडे गाडी नेणं बंद झालं.

एक दिवस तो आमच्या ओसरीवर आला. "भाऊ, माती माह्याच वावराची होती. तुले तरी पटते का नाही?"

हे म्हणाले, "मंग रोप कायले वाळलं, रहीम?"

मी दाराआड चूल फुंकत होते. एक वाक्य पुरलं असतं. मी चहा नेऊन दिला. त्यानं तो तसाच ठेवला.

तो बिऱ्हाड घेऊन घाटंजीला गेला. ह्यांनी मरेपर्यंत त्याचं नाव काढलं नाही. पण त्याच्या हातचं चाक कुरकुरलं की तेल घालताना ह्यांचा हात थांबायचा. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

हे गेल्यावर मी वावर विकलं. गाव हळहळलं, पण विधवेला कोण बोलणार? तिथला साग पहिल्याच हिवाळ्यात गेला. रहीमभाई भाड्याच्या खोलीत राहिला, पण त्यानं आपलं वावर कधी विकलं नाही. ते पडीक राहिलं, जंगल आपणहून आत आलं. आता तिथं मोह उभे आहेत, चांगले उंच.

चैत्रात गावच्या बाया पहाटे तिथं फुलं वेचायला जातात. मीही जाते. टोपली भरून आणते.