तुर्की बाईंचं भांडं

तुर्कस्तानची तिकिटं रद्द करायची नाहीत, हे मी ह्यांची अँजिओप्लास्टी झाली त्याच आठवड्यात ठरवलं होतं. बोलून दाखवलं नाही इतकंच. मुलाने बंगळूरहून फोन करून बाबांची तब्येत, विमानाचा प्रवास, परका देश अशी सगळी उजळणी केली. मी शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काही महिने जाऊ द्या, मग खुशाल जा आणि भरपूर चालवा त्यांना. झालं तर मग.

खरी अडचण तब्येतीची नव्हतीच. हे घाबरले होते. रोज टेकडी चढणारा माणूस कॅनॉलच्या कडेच्या सपाट रस्त्यावरसुद्धा जरा पुढे गेला की परत फिरू या म्हणायला लागला. कर्वेनगरच्या आमच्या घरात खिडकीजवळ एक खुर्ची आहे. तिच्यात बसायचं, छातीवर हात ठेवायचा आणि स्वतःचे ठोके ऐकत राहायचं. लिफ्ट बंद असली की त्या दिवशी घराबाहेर पडणं बंद. चढ चढायला काहीच हरकत नाही, असं डॉक्टरांनी तीनतीनदा सांगितलं होतं. ह्यांचा डॉक्टरांवर पूर्ण विश्वास होता, फक्त हृदयावर नव्हता. आणि मला उरलेलं आयुष्य एका खुर्चीभोवती काढायचं नव्हतं. हे स्पष्टच लिहिते, कारण अशा वेळी बायकोने तोंड मिटून सेवा करावी असं मानणारे नातेवाईक आमच्याकडे पुष्कळ आहेत.

मला इस्तंबूल बघायचं होतं. ह्यांनी कुठेतरी वाचून सांगितलं, की ते शहर टेकड्यांवर वसलंय, तिथे चढ-उतारांशिवाय दुसरं काही नाही. शेवटी तडजोड म्हणून शहरापासून दीडेक तासावरच्या खेड्यात, एका शेतावर खोली घेतली. फोटोत सगळं सपाट दिसत होतं. हिरवळ, अक्रोडाची झाडं, एक गाय. फोटो काढणारा हुशार होता. आमची खोली होती उताराच्या तळाशी, मालकीणबाईंचं घर वर, आणि मध्ये दगडांची उभी वाट. ती वाट बघताच ह्यांनी खोलीबाहेरची खुर्ची धरली. म्हणजे खुर्ची बदलायला आम्ही समुद्र ओलांडून आलो होतो.

मालकीणबाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेल्या. पहिल्याच संध्याकाळी त्या खाली आल्या आणि दह्याने भरलेलं एक भांडं माझ्या हातात देऊन गेल्या. तांब्याचं, आतून कल्हई केलेलं. कल्हई बघून ह्यांचा चेहरा पुण्याहून निघाल्यापासून प्रथमच जरा उजळला. दही आम्ही दोघांनी मिळून फस्त केलं.

शेजाऱ्याचं भांडं आमच्याकडे रिकामं परत करत नाहीत. घरात काहीच नसेल तर निदान चमचाभर साखर घालतात. माझ्या सासूबाईंचा हा नियम ह्यांच्या हाडीमासी इतका खिळलेला आहे, की वरच्या मजल्यावरचा डबा आमच्याकडे दोन दिवस राहिला तरी ह्यांना चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगा उघडलेल्या नव्हत्या, म्हणून मी खोलीतल्या ओट्यावरच्या बरणीतली साखर भांड्यात घातली आणि वर नेऊन दिली. बाईंनी साखरेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली. संध्याकाळी तेच भांडं खाली आलं, ते मधाने भरून.

मी खूश झाले. हे मात्र भांड्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, की ती बरणी त्यांचीच होती. आपण त्यांची साखर त्यांनाच परत केली. पाहुण्यांना साखर चालत नाही असं समजून बिचाऱ्या बाईंनी मध आणून दिलाय. मला हसू फुटलं, पण ह्यांना अजिबात हसू येईना. आईने हे पाहिलं असतं तर, एवढंच म्हणाले. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तिसऱ्या दिवशी मी रवा भाजला, पुण्याहून नेलेलं तूप घातलं आणि लाडू वळले. भांडं घासून पुसून त्यात लाडू रचले आणि ह्यांच्या समोरच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, नेऊन द्या. हे म्हणाले, तूच जा ना. मी सांगितलं, की लाडू मी केलेत, नेण्याचं काम तुमचं. आणि मी पुस्तक उघडून बसले.

ती दुपार मला नीट आठवते. भांडं टेबलावर, हे खुर्चीत. हे भांड्याकडे बघायचे, वाटेकडे बघायचे, पुन्हा भांड्याकडे. मधेच उठून त्यांनी त्यावर फडकं झाकलं, म्हणजे ते दिसणार नाही. थोड्या वेळाने स्वतःच फडकं काढून लाडू ठीक आहेत का बघितलं. मग म्हणाले, त्या संध्याकाळी येतीलच खाली, तेव्हा देऊ.

"म्हणजे सत्तरीच्या बाईंनी आपलंच भांडं मागायला खाली यायचं," मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं.

हे उठले. बूट घातले, माझ्याकडे न बघता भांडं उचललं आणि निघाले.

मी पडद्याआड उभी राहिले. पहिल्या अक्रोडाशी ते थांबले. पुढे सरकले, पुन्हा थांबले. दोन्ही हात भांड्यात गुंतलेले, त्यामुळे छातीवर ठेवायला हात मोकळा नव्हता. आता मला काय वाटलं तेही सांगते. मी प्रचंड घाबरले. ह्यांना काही झालं तर ते माझ्या हट्टामुळे, मुलाला मी काय तोंड दाखवू, असं सगळं एकदम दाटून आलं. पावलं दाराकडे वळली. मी चौकट घट्ट धरून ठेवली आणि स्वतःला बजावलं, की आत्ता मी धावत गेले तर ही वाट ह्यांना कायमची बंद. हे वळणाआड दिसेनासे झाले. मी तिथेच उभी होते.

बऱ्याच वेळाने उतरताना दिसले. घामाघूम, लालबुंद आणि संतापलेले. भांडं द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या भाताच्या सुरळ्यांनी काठोकाठ भरलं होतं.

"भांडं ठेवूनच घेत नव्हत्या!" हे म्हणाले. "मी किती सांगितलं!"

वर दोघांनी फोनवर भाषांतर करून वाद घातला होता. बाईंचं म्हणणं, त्यांच्या गावात कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. त्यांनी लाडू काढून घेतले आणि तेच भांडं पुन्हा भरून ह्यांच्या हातात दिलं. त्यांच्या मते आता ते भांडं आमचं होतं, आमच्या मते त्यांचं. ह्याला अंत नाही, हे ह्यांनी कपाळ पुसत जाहीर केलं. छातीवर हात ठेवायचं त्यांना सुचलं नाही. मी पाण्याचा पेला पुढे केला आणि आत जाऊन थोडी रडले.

मग रोज तेच. भाजणीची थालीपिठं, दडपे पोहे, शिरा. मी करायचे, हे घेऊन चढायचे, आणि चीज, तुती, ऑलिव्ह असं काहीबाही घेऊन उतरायचे. मी शाबासकी दिली नाही, की दम लागला का असंही विचारलं नाही. अक्रोडाशी थांबणं हळूहळू कमी झालं. त्या बाई कोणत्या पदार्थाने खूश झाल्या आणि कशाने तोंड वाकडं केलं, ह्याचा सविस्तर अहवाल मात्र मला मिळत असे. परतायच्या आदल्या दिवशी आम्ही इस्तंबूलला गेलो. तिथल्या एका उभ्या गल्लीत हे माझ्या पुढे होते. वर थांबून म्हणाले, दमलीस का? 

निघायच्या दिवशी बॅगेत फक्त मेतकूट उरलं होतं. मऊ भात केला, वर तूप आणि मेतकूट घातलं. ह्यांनी बेत केला होता, की भांडं बाईंच्या हातात द्यायचं आणि लगेच पाठ फिरवायची, भरायला सवडच द्यायची नाही. पण बाईंनीही बेत केला होता. त्या अक्रोड फोडून तयार बसल्या होत्या. भात त्यांनी दुसऱ्या ताटलीत ओतला आणि ह्यांचे बूट वळायच्या आत भांडं पुन्हा भरलं. फाटकाशी टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, अक्रोड पिशवीत ओता आणि भांडं पायरीवर ठेवून चला.

"रिकामं?" हे म्हणाले, आणि मी काहीतरी अभद्र बोलले असावे अशा नजरेने माझ्याकडे बघून त्यांनी भांडं स्वतःच्या हातातल्या बॅगेत ठेवलं.

अक्रोड दिवाळीच्या आधीच संपले. ह्यांनी भांडं चिंचेने घासून लख्ख केलं आणि खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं, त्या खुर्चीच्या अगदी समोर. मधे थंडीच्या दिवसांत पुन्हा सुस्ती आली. आज नको, उद्या बघू, असं सुरू झालं. एक दिवस संध्याकाळी हे खुर्चीत बसून त्या भांड्याकडे बघत होते, अगदी त्या दुपारसारखे. मी मुद्दाम म्हटलं, की आता एवढ्या लांब पुन्हा जाणं काही आपल्याच्याने होणार नाही. चांगलं बांधून कुरिअरने पाठवून देऊ या, लाडू घालून.

"शेजाऱ्याचं भांडं कोणी कुरिअरने परत करतं का?" हे म्हणाले.

मग उठले, बूट घातले आणि लिफ्ट चालू असूनही जिन्याने उतरून टेकडीकडे गेले.