पुलाचे कंपाउंडर

पुण्यात माणसांची नाडी बघणाऱ्यांना तोटा नाही, पण पुलाची नाडी बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांनी उभी हयात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून काढली. डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला, आणि हाताशी पेशंट उरला नाही म्हणून की काय, घरामागच्या ओढ्यावरचा तीन कमानींचा जुना दगडी पूल मामांनी देखरेखीखाली घेतला. रोज सकाळी दात घासून झाले की ते पुलाच्या कठड्याला कान लावत आणि घरी येऊन दवाखान्यातल्या उरलेल्या केसपेपरांवर लिहीत, "मधली कमान. रात्र अस्वस्थ गेली. ओल कायम." मार्केट यार्डाकडे निघालेला मालाचा ट्रक पुलावर चढू लागला की मामा दोन्ही हात पसरून आडवे. "अहो, पेशंटच्या छातीवरून गाडी नेता?" हे ते इतक्या कळवळ्याने विचारत, की एक ड्रायव्हर घाबरून खाली उतरला आणि चाकाखाली कोण आलं ते वाकून बघू लागला. शिव्या देणाऱ्याला मामा आधी तांब्याभर पाणी देत, मग लांबचा रस्ता दाखवत.

मी पूल बांधणाऱ्या एका खाजगी कंपनीत इंजिनिअर, त्यामुळे मामांच्या या वेडाची थट्टा करण्यात मी सगळ्यांच्या पुढे. पण भेगेवर काचेची पट्टी चिकटवायची आणि ती तडकली की भेग वाढतेय असं समजायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती मामांनी कुणी न शिकवता शोधून काढली होती. रक्त तपासायच्या काचा त्यांनी सिमेंट लावून पुलाच्या प्रत्येक भेगेवर डकवल्या होत्या. एका रविवारी आम्ही पोहे खात असताना ते चपलांसकट घरात आले. रुमालात तडकलेली काच होती.

"फुटली रे. आता पाडायलाच हवा."

मनातल्या मनात मी सुटकेचा निःश्वास टाकला. तो पूल पाडून नवा बांधायचं काम आमच्याच कंपनीकडे आलं होतं, आणि मामा आकांडतांडव करतील या धास्तीने मी महिनाभर घरात अवाक्षर काढलं नव्हतं. मामांनी एकच अट घातली. "पेशंट वाचत नसला की नातेवाइकांना आत बोलावून सांगतात. दारावर नोटीस चिकटवून मोकळं होत नाहीत. लोकांना बोलाव, त्यांचं ऐक."

लोकांना बोलवायचंच होतं. पूल जुना, नावाजलेला. रहिवाशांना विश्वासात घेतलं हे कागदावर दाखवणं आम्हाला भागच होतं. सभेचे फोटो आणि सह्या मिळाल्या की झालं. मी ते काम मामांवर सोपवलं. मामा पंधरा दिवस दारोदार फिरले. बुद्धविहाराचा हॉल त्यांनीच मिळवला, सतरंज्याही त्यांनीच झटकल्या. हॉल भरला, लोक बाहेर चपलांपाशी उभे राहिले. मार्केट यार्डातून डोक्यावर माल आणणाऱ्या हिराबाई म्हणाल्या, "पुलाच्या मधोमध टोपली टेकवायला दगडाचा ओटा हाय. नव्या पुलावर बी तेवढा ठेवा. दुसरं काय मागत नाय." मी वहीत लिहिलं आणि मोठ्याने म्हणालो, "नोंद घेतली आहे." मामांनी अभिमानाने सगळीकडे पाहिलं. "भाचेजावई लिहून घेतोय, म्हणजे ओटा झालाच समजा!" टाळ्या पडल्या.

नवीन पुलाचा नकाशा सभेच्या आधीच मंजूर झाला होता. त्यावर माझीही सही होती. ती वही मी ऑफिसच्या कपाटात ठेवली आणि पुन्हा उघडली नाही.

पूल पाडला त्या दिवशी वस्ती गोळा झाली होती. पहिली कमान खाली आली तेव्हा मामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. पुढे नवा पूल झाला. सरळ, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. ओट्याला जागाच नव्हती. मामा ऑफिसात आले आणि त्यांनी फक्त विचारलं, "नकाशा कधीचा?"

मी सांगितलं. वाटलं, ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुलाच्या उद्घाटनानंतर विहारात पुन्हा लोक जमले. हिराबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "ओट्याचं काय झालं?" मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. मामा उठले. "चूक माझी झाली. मला ऐकायला कमी येतं. भाचेजावई तसं म्हणालेच नव्हते. मीच भलतं बोलून बसलो." रोज दगडाला कान लावणारा माणूस भर सभेत म्हणाला, मला ऐकायला कमी येतं. मी उठलो नाही. सतरंजीचा एक दोरा ओढत बसलो.

त्यानंतर मामा मला 'अहो' म्हणू लागले. 'या', 'बसा', 'चहा घेणार ना?' बायकोला वाटतं, वयाबरोबर मामा औपचारिक झाले. मी तिलाही सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात मात्र राहवलं नाही. नव्या पुलावर हिराबाईंना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं: नकाशा, सही, वही. डोक्यावरच्या भरल्या टोपलीला हात लावून त्या शांतपणे ऐकत होत्या.

"आमाला तवाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "मामांना दारात पेपर पडल्याचा आवाज आतल्या घरात ऐकू येतो. पण तेवढं त्यांना बोलू नका. आमी त्यांचं खरं मानलं असं त्यांना वाटतंय. वाटू द्या."

मी टोपलीला हात द्यायला पुढे झालो, तोवर त्या चालू लागल्या होत्या.