प्रभुदासची साक्ष

पिंपरीच्या चर्चमध्ये सुहासिनी पाटोळेला ओळखत नाही असं कुणी नव्हतं, आणि तिच्याशी धड चार वाक्यं बोललेलंही कुणी नव्हतं. यायची, मागच्या बाकावर बसायची, गाण्याला उभी राहायची, शेवटी सगळ्यांना सलाम करून बस पकडायची. नवरा गेल्यापासून असंच चाललं होतं. उशाखाली दबलेला हात आपला असून आपला वाटत नाही, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती.

नवऱ्याचं नाव प्रभुदास. भोसरीत फिटर होता. बोलायला मोठा रसाळ आणि गोड खायला त्याहून पटाईत. चाळिशीतच शुगर लागली. रोज इंजेक्शन घ्यायचा आणि घेताना बायकोला डोळा मारायचा. पुढं पायाला जखम झाली, ती भरेना. तेव्हा कुणीतरी त्याला काळेवाडीच्या प्रार्थनासभेत नेलं. भाड्याचा हॉल, मोठाले स्पीकर, आणि सभा चालवणारे गृहस्थ, ज्यांना सगळे नुसतं ब्रदर म्हणत. ब्रदर माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. दुसऱ्याचं दुखणं ऐकून खरोखर रडायचा. देवानं आपलं काय भलं केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, म्हणजे साक्ष द्यायची, ही रीत आपल्यात जुनीच आहे. ब्रदरनं फक्त क्रम फिरवला होता. बरं व्हायची वाट बघू नका, आधी साक्ष द्या. तोंडानं 'झालो' म्हणा, देव मागून करतोच.

प्रभुदासनं दिली. पंख्याखाली उभं राहून म्हणाला, "माझी शुगर गेली!" हॉलभर टाळ्या पडल्या. सुहासिनीनंही वाजवल्या. इंजेक्शन बंद कर असं कुणी सांगितलं नव्हतं, ब्रदरनंही नाही. पण आता सुई टोचून घेणं म्हणजे देवासमोर दिलेली साक्ष आपल्याच हातानं खोटी पाडणं. औषधाच्या बाटल्या फ्रिजच्या दारात तशाच राहिल्या. पाय काळा पडला तेव्हा ती म्हणाली, "दवाखान्यात चला ना."

"लोक काय म्हणतील? देवाचं नाव खाली जाईल," तो म्हणाला.

शुद्ध हरपल्यावरच त्याला नेता आलं. तोवर उशीर झाला होता.

सांत्वनाला आलेल्यांनी प्रार्थना केली, चहा घेतला, आणि उठता उठता एक बाई हळूच म्हणाली, "विश्वासच कुठंतरी कमी पडला असंल." सुहासिनीनं मान हलवली. त्यानंतर ती मान हलवतच राहिली. कंपनीत सुपरवायझर ओरडला तरी, मुलगी सासरहून फोनवर रडली तरी.

शनिवारच्या वर्गालाही ती अशीच लागली. तनुजाबाई ओहोळ, शाळेतून निवृत्त झालेल्या, चर्चच्या मागच्या खोलीत ईश्वरविज्ञान, म्हणजे देवाविषयीचं शास्त्र, शिकवत. आता ईश्वरविज्ञान म्हटलं की आपले लोक चार हात लांब. ते पाळकसाहेबांचं काम, आपण वर्गणी द्यायची आणि तारस्वरात गायचं, असा आपला बंदोबस्त. त्यामुळं वर्गाला माणसं मोजकीच. सुहासिनी गेली, कारण शनिवारी संध्याकाळी घरात ती आणि टीव्ही दोघंच. इथं निदान चहा आणि खारी मिळे.

कितीतरी शनिवार ती गप्प बसली. मग एकदा आजाराचा विषय निघाला. बायबलात जन्मापासून आंधळ्या माणसाकडं बघून शिष्य प्रभूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? प्रभू म्हणतो, कुणाचंच नाही. सुहासिनीनं कप बशीत ठेवला.

"बाई, एक विचारू?"

"विचार की."

"सुई घेतली असती तर ह्यांची साक्ष खोटी झाली असती?"

खारी मोडणारे हात थांबले. तनुजाबाईंनी चष्मा काढला. "कोर्टात साक्षीदार काय सांगतो? बघितलेलं. जे घडलंच नाही ते घडलं म्हणा, असं देवानं कुणाला सांगितलेलं नाही गं. आणि औषधही त्याच्याच हातचं. प्रभुदासचा विश्वास कमी नव्हता. त्याला शिकवलं चुकीचं."

"आणि मला?"

"तुला आम्ही शिकवलंच नाही."

एवढंसं होतं. चहा पिता पिता सांगून होण्यासारखं. राग यायला हवा होता, आला नाही. ती घरी गेली, भात लावला, जेवली.

पुढच्याच आठवड्यात चाकणच्या कंपनीत, वायरिंगच्या लाइनवर शेजारी उभी राहणारी अबोली खुशीत होती. अबोली काळेवाडीच्या सभेला जायची. तिच्या इराला, दुसरीतल्या पोरीला, फिट येत.

"काकू, रविवारी साक्ष देतेय. इरा बरी झाली म्हणून."

"झाली?"

"ब्रदर म्हणाले, आधी सांगायचं."

"आणि गोळ्या?"

अबोली हातातल्या वायरीकडं बघत राहिली.

रविवारी सुहासिनी आपलं चर्च सोडून काळेवाडीला गेली. हॉल तोच, पंखाही तोच. अबोली इराचा हात धरून पुढं निघाली तशी सुहासिनी मधेच उठली. आवाज कापला नाही, चढलाही नाही. भाजीचा भाव सांगावा तशी ती बोलली.

"मी प्रभुदासची बायको. ह्याच पंख्याखाली ते म्हणाले, शुगर गेली. गेली नव्हती. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या. मग त्यांना सुई घ्यायची लाज वाटायला लागली, आणि ते मेले. त्यांचा विश्वास कमी नव्हता. अबोली, पोरीला गोळी दे. देव रागावत नाही."

ब्रदर खाली बसले, त्यांनी तोंड ओंजळीत घेतलं. कीबोर्डवाल्यानं घाईघाईनं गाणं सुरू केलं.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये अबोली शेजारी येऊन बसली. चाकणचा पूल आला. मग म्हणाली, "काल रात्री गोळी दिली." खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पण काकू, साक्ष राहिली की."

"पोर मोठी होऊ दे. मग दे. बघितलेलं असंल तुझं."

त्या संध्याकाळी सुहासिनीनं फ्रिज उघडला. दारातल्या बाटल्या तिनं इतके दिवस पुसल्या होत्या, पण बाहेर काढल्या नव्हत्या. एक काढून मुठीत धरली. हाताला गार लागली. नवरा गेल्यापासून तिला पहिल्यांदाच काहीतरी लागलं होतं. फ्रिजचं दार उघडंच राहिलं, आणि तिथंच फरशीवर बसून ती प्रभुदाससाठी रडली.